टेपवर राहिलेली दाद

लोणावळ्यातला माझा पहिला पावसाळा १९८६ सालचा. बँकेच्या तिथल्या शाखेत बदली झाली होती. खोलीतले कपडे आठ-आठ दिवस वाळत नव्हते, लेजरच्या पुठ्ठ्यांवर बुरशी येत होती आणि शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपले की करायचे काय, हा प्रश्न होता. तो वलवणच्या एका निवृत्त रेल्वे गार्डांनी सोडवला. त्यांच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता आणि बुटांच्या खोक्यात जपून ठेवलेल्या कॅसेट्स. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण त्यांच्याकडे जमू लागलो. पुण्याच्या लोकलने परत जाणारे दोघे त्या दिवशी शेवटची गाडी धरत.

एका संध्याकाळी त्यांनी एक कॅसेट लावली. वर बॉलपेनने एवढेच लिहिलेले होते : वसंतराव, मारवा.

वसंतराव देशपांडे यांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्यांना प्रत्यक्ष ऐकण्याचा योग मला कधी आला नाही. 'कट्यार काळजात घुसली' मधली पदे आणि 'बगळ्यांची माळ' रेडिओवरून ऐकलेली, तेवढीच ओळख. ती तीन-चार मिनिटांची, घोटीव, स्वच्छ गाणी. ही कॅसेट मात्र निराळीच होती. आधी कुणीतरी खोकले, सतरंजीवर सरकल्याचा आवाज आला, तंबोरा फार जवळ आणि तबला फार लांब ऐकू येत होता. मग तो टोकदार, अस्वस्थ आवाज आला आणि बाहेरचा पाऊस आम्ही विसरलो.

मारवा हा दिवस मावळतानाचा राग. त्यात पंचम नाही, आणि ज्या षड्जावर गाणे विसावायचे तो षड्जही गवई शक्यतो टाळत राहतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये ऐकणाऱ्याला टांगून ठेवले जाते. वसंतरावांनी त्या टेपवर इतका वेळ टांगून ठेवले की पुढे बसलेल्या श्रोत्यांचे वा-वा करणे हळूहळू थांबले. बराच वेळ नुसती शांतता. आणि मग षड्ज लागला तेव्हा टेपवर टाळ्या आल्या नाहीत, एक सामुदायिक निःश्वास आला. पन्नासेक माणसांनी एकदम सोडलेला श्वास. त्याच क्षणी आमच्या खोलीतही तोच निःश्वास निघाला.

लगेच वाद झाला, हेही सांगायला हवे. आमच्यातले एक गृहस्थ ग्वाल्हेर गायकीचे कडवे अभिमानी. त्यांना हे पटले नाही. आलाप एका घराण्याचा, सरगम दुसऱ्याची, तान तिसरीकडूनच आलेली, मध्येच नाटकाच्या रंगमंचावरची फेक. याला शिस्त म्हणायचे का, असा त्यांचा मुद्दा. हा वाद काही वलवणच्या त्या खोलीतच जन्माला आला नव्हता. वसंतरावांच्या हयातीत तो महाराष्ट्रभर चालू होता आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्याने मोजली होती.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आई राधाबाई सासरचे घर सोडून नागपूरला आल्या आणि त्यांनी एकटीने मुलाला वाढवले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचा पाया घातला गेला. भालजी पेंढारकरांनी १९३५ च्या 'कालियामर्दन' मध्ये त्यांना कृष्ण केले. पुढे मामांच्या आधाराने ते लाहोरला गेले आणि तिथे असद अली खाँ यांच्याकडून त्यांना मिळाला तो मुख्यतः एकच राग, मारवा. एकच राग, पण असा घोटलेला की बाकीचे राग कसे शोधायचे ते त्यातून कळावे. सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांनी घेतले. दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्याचा संस्कार तर जन्मभर सुटला नाही. ज्याने इतक्या दारांतून माधुकरी आणली, त्याला कोणत्या घराचा म्हणायचे? घराणे विचारणाऱ्यांना ते सांगत की आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते. लोक याला मिजास समजले. मला त्यात थोडा एकटेपणाही ऐकू येतो.

पोटासाठी त्यांनी पुण्याच्या मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी धरली आणि सुमारे दोन तपे ती केली. दूर ईशान्य सीमेवर, नेफातही बदलीवर जावे लागले. या जागी मी जरा थांबतो, कारण बेरजा-वजाबाक्यांच्या टेबलावर बसून मनात दुसरेच काही घोळवणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मी कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रजेच्या दिवशी. नोकरी सोडण्याचे धैर्य मला झाले नाही, पेन्शन घेऊनच उठलो. वसंतराव पंचेचाळिशीच्या सुमारास उठले. २४ डिसेंबर १९६७ ला दारव्हेकरांचे 'कट्यार' रंगमंचावर आले आणि अभिषेकींच्या संगीतातला खाँसाहेब आफताब हुसेन घरोघरी पोहोचला. ज्याला घराणेच नाही म्हणून बाजूला बसवले, त्याच माणसाने घराण्याचा सर्वांत ज्वलंत अभिमानी उभा केला. मुंबई-पुण्याच्या या काळात त्यांनी आमचा बोरघाट किती वेळा ओलांडला असेल, कोण जाणे. ३० जुलै १९८३ ला ते गेले. पूर्णवेळ गवई म्हणून त्यांना मिळाली ती जेमतेम अठरा वर्षे.

नाटकाच्या यशाने एक अन्यायही केला. त्यांच्याकडे नाट्यगीत गाणारा म्हणून पाहणे सोपे झाले. रेकॉर्ड कंपनीला गाणे हवे होते, ते मिळाले. पण ख्याल गाणारे वसंतराव, तबल्याच्या बोलांशी खेळणारे, एका जागेचा पाच बाजूंनी पिच्छा पुरवणारे वसंतराव राहिले ते लोकांनी हौसेने केलेल्या मैफलींच्या टेप्सवर. कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या गणेशोत्सवात, गवयापुढे माइक ठेवून केलेली ही मुद्रणे. त्यातली काही पुढे कॅसेट आणि सीडी होऊन बाजारात आली, बाकीची नकलांच्या नकला होऊन फिरत राहिली. त्यात दोष आहेत. कधी आवाज चढत नाही, कधी तान हाताबाहेर जाते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपते, आणि ती नेमकी तानेच्या मध्यावर संपते. पण स्टुडिओत सापडलेलेच तेवढे ठेवतात. मैफलीच्या टेपवर शोधणेही राहते, आणि तो शोध ज्यांच्यासमोर चालला ती माणसेही राहतात.

हे फक्त आपल्याकडचेच नाही. पुतण्याने मला बी. बी. किंग या अमेरिकन ब्लूज गिटारवादकाची, शिकागोच्या रीगल थिएटरात २१ नोव्हेंबर १९६४ ला मुद्रित झालेली मैफल ऐकवली. मला त्या संगीतातले कळत नाही. पण गिटारच्या एका ओढलेल्या स्वरावर प्रेक्षकांतून उठलेली किंकाळी ऐकली आणि वलवणची खोली आठवली. ती किंकाळी काढून टाकली तर ती रेकॉर्ड अर्धी होईल.

वसंतरावांना १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे नागपुरात त्यांच्या नावाचे सभागृह झाले, २०२२ मध्ये नातू राहुल यांनी 'मी वसंतराव' या चित्रपटात त्यांची भूमिका केली. मान मिळालाच. उशिरा मिळाला, असे आपण हळहळून म्हणतो. टेप ऐकताना मात्र वाटते की तो त्यांना दर मैफलीत, समोरच्या सतरंजीवरून, त्या त्या क्षणी मिळत होता. समीक्षक हिशेब मांडत बसले होते. श्रोत्यांनी जमा कधीच केली होती.

त्या संध्याकाळी वाद वाढला तेव्हा गार्डसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट मागे घेतली आणि षड्जाची ती जागा पुन्हा लावली. ग्वाल्हेरवाले गृहस्थ खाली मान घालून ऐकत होते. निःश्वास पुन्हा आला. या वेळी टेपवरचा कोणता आणि खोलीतला कोणता, ते वेगळे काढता आले नाही. शेवटची लोकल मात्र दोघांचीही चुकली.