नगरपालिकेतील जोतीराव

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत रोज भाजी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे त्यांनीच तिच्या बांधकामाला विरोध केला होता. विरोध करणारा हा गृहस्थ जातीने माळी होता. फुले-भाजीचा व्यवसाय त्याच्या घरी पिढीजात चालत आलेला होता. दगडी, कौलारू, मनोऱ्याची मंडई उभी राहिली तर तिचा लाभ त्याच्याच समाजाला व्हायचा होता. तरीही जोतीराव गोविंदराव फुले यांचे मत असे होते की, शहराच्या तिजोरीतला पैसा आधी मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावा आणि इमारतींचा विचार त्यानंतर करावा.

स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक आणि ‘गुलामगिरी’चे लेखक म्हणून जोतीराव महाराष्ट्राला परिचित आहेत. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, याचा उल्लेख मात्र चरित्रांतून बहुधा ओझरता येतो. वास्तविक सार्वजनिक पैसा कोणाकडून येतो आणि कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला आणि नगरपालिकेत तो त्यांना रोखठोक स्वरूपात भेटला.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या कामामुळे ‘फुले’ हे नाव रूढ झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. थोडे शिक्षण झाल्यावर मुलाला शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावण्यात आले. गफार बेग मुन्शी आणि लिजीटसाहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी ऐन विशीत वाचले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. या ‘अपराधा’साठी पती-पत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले.

शाळा काढणे एक वेळ सोपे. ती चालविण्यास दरमहा पैसा लागतो. जोतीरावांच्या शाळांना काही वर्षे दक्षिणा निधीतून मासिक ७५ रुपयांचे अनुदान मिळत असे. या दक्षिणेचा इतिहास मार्मिक आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी ही रक्कम इंग्रजी अमदानीतही चालू राहिली होती. तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वापरावा, अशी मागणी १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारकांनी केली. सनातनी मंडळी खवळली. त्या वेळी सुधारकांच्या संरक्षणासाठी आपली माणसे घेऊन उभे राहणारे जोतीराव अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे त्याच निधीतील पैसा मुलींच्या आणि अस्पृश्य मुलांच्या शाळांकडे वळला. सार्वजनिक रकमेचा ओघ बदलता येतो, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

जोतीराव केवळ विचारवंत नव्हते. ते व्यवहारी उद्योजकही होते. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या माध्यमातून त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासला धरणाला दगड-चुना पुरविणे, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा कामांशी त्यांचे नाव जोडले जाते. खोटी हजेरी कशी लागते, मोजमापात कोठे लबाडी होते आणि सरकारी रुपयातला किती भाग कामापर्यंत पोहोचतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. बांधकाम खात्यातील या लबाड्यांवर त्यांनी पद्यरचनाही केली. नगरपालिकेच्या सभेत आलेला खर्चाचा प्रस्ताव कसा वाचावा, हे अशा माणसास वेगळे शिकवावे लागत नाही.

१८७६ मध्ये जोतीराव सदस्य झाले तेव्हाचे पुणे आजच्या मानाने लहानसे शहर होते. पेठांतली वस्ती एक लाखाच्या आसपास होती. नगरपालिकेला जेमतेम वीस वर्षे होत होती. सदस्य लोकांनी निवडलेले नसत. सरकार त्यांची नियुक्ती करी. सरदार, पेन्शनर, वकील, सावकार अशा प्रतिष्ठितांचा त्यात भरणा असे. उत्पन्नाचे मुख्य साधन म्हणजे जकात. धान्य, तूप, सरपण असे जे जे शहरात येई त्यावर नाक्यावर कर बसे. म्हणजे नगरपालिकेची तिजोरी भरत असे ती प्रामुख्याने बाजारात खरेदी करणाऱ्या सामान्य माणसाकडून आणि माल घेऊन येणाऱ्या कुणब्याकडून. तिच्या विनियोगाचा निर्णय घेणाऱ्या सभेत मात्र त्यांच्या बाजूने बोलणारा विरळाच होता.

सदस्यत्वाच्या पहिल्याच वर्षात दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला. खेड्यांतून माणसे शहरांकडे लोटली. सत्यशोधक समाजाने मे १८७७ मध्ये मदतीचे आवाहन काढले आणि धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. जोतीराव त्यासाठी फिरले आणि सावित्रीबाईंनी मुलांना जेवू घालण्याचे काम अंगावर घेतले. संस्थेच्या सभेत मत मांडावे आणि बाहेर स्वतः झिजावे, ही त्यांची रीत होती. त्यापूर्वी १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करून त्यांनी सार्वजनिक सोयीचा अर्थ आपल्याच अंगणात दाखवून दिला होता.

नगरपालिकेतील त्यांची सर्वांत गाजलेली कृती व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीच्या निमित्ताने घडली. लिटन यांना मानपत्र देऊन थाटात स्वागत करावे आणि त्यासाठी एक हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव सभेपुढे आला. याच लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा झाला होता आणि कृष्णराव भालेकरांनी काढलेल्या ‘दीनबंधू’ने त्यावर टीका केली होती. करदात्यांचा पैसा अशा पाहुण्याच्या सत्कारावर न उधळता गरिबांच्या शिक्षणास द्यावा, असे जोतीरावांनी सुचविले. मतदान झाले. बत्तीस नियुक्त सदस्यांत विरोधी मत एकच पडले आणि ते जोतीरावांचे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. सरकारने नेमलेल्या सदस्याने सरकारच्या प्रमुखाचा सत्कार नाकारावा, हे त्या काळी साधे धाडस नव्हते. जोतीरावांचा कंत्राटाचा व्यवसायही सरकारी कामांशी निगडित होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका मताचे मोल कळते.

जुलै १८८० मध्ये त्यांनी दारूच्या दुकानांचा प्रश्न काढला. शहरात दुकानांची संख्या वाढत चालली होती आणि अनेक कुटुंबे त्यापायी उद्ध्वस्त होत होती. याविषयी जोतीरावांनी व्यवस्थापकीय समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यांचा युक्तिवाद हिशेबी होता. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका पैसा खर्च करते आणि त्याच आरोग्याचा नाश करणारी दुकाने वाढू दिली जातात, ही विसंगती त्यांनी दाखविली आणि या दुकानांवर कर बसविण्याची सूचना केली. दारूबंदीचा नैतिक उपदेश अनेकांनी केला. जोतीरावांनी तो नगरपालिकेच्या जमाखर्चाच्या भाषेत मांडला.

मग आली मंडई. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. १८८० च्या दशकाच्या आरंभी शुक्रवार पेठेत प्रशस्त पक्की मंडई बांधण्याची योजना पुढे आली. अडीच-तीन लाखांचा हा खर्च लाखभर वस्तीच्या शहरास प्रचंड होता. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी योजनेस विरोध केला. त्यांची बाजू हरली. १८८६ मध्ये मंडईचे उद्घाटन झाले आणि गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. निःपक्षपातीपणे पाहता मंडईची गरज नव्हती असे म्हणता येणार नाही. ऊनपावसात उघड्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांना छप्पर आणि ग्राहकांना स्वच्छ बाजार मिळाला. जोतीरावांचा आक्षेप अग्रक्रमाचा होता. ज्या नगरपालिकेला शाळांसाठी पैसा सापडत नाही तिला इमारतीसाठी लाखो रुपये कसे सापडतात, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता आणि त्याचे उत्तर त्या सुंदर इमारतीने दिले नाही.

या सहा वर्षांच्या अनुभवाचे सार १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात उतरले. खाली सही करताना जोतीरावांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली आहे. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि त्यातून मिळणारे शिक्षण मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनातील नगरपालिकांविषयीचा भाग मात्र दुर्लक्षित राहिला. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च उचलावा, त्यासाठी कायद्याने सक्ती करावी, परंतु शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवू नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असे त्यांनी सुचविले. नगरपालिकेच्या आत बसून तिचा स्वभाव ओळखलेल्या माणसाची ही सूचना आहे. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतसारा, पट्ट्या आणि जकातींनी पिळून निघणाऱ्या शेतकऱ्याची कैफियत मांडली.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. मे १८८८ मध्ये मुंबईत भरलेल्या सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केला. पैशाची चणचण अशी होती की, मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाड यांच्याकडे मदतीसाठी शब्द टाकला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपला देह दहन न करता घरामागे पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु वस्तीत दफनास परवानगी नसल्याने नगरपालिकेने ती नाकारली. सहा वर्षे ज्या संस्थेचे ते सदस्य होते, तिच्याशी त्यांचा शेवटचा संबंध असा आला. सात वर्षांनी, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनीही देह ठेवला.

त्यांचा प्रश्न मात्र पुण्याच्या नगरपालिकेत पुन्हा पुन्हा उभा राहिला. १९२० मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला, तेव्हा निधी अपुरा असल्याने प्रथम फक्त मुलांना सक्ती करावी असा पक्ष मांडला गेला. मुलींची शाळा जेथे सुरू झाली त्या शहरात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांना मोर्चा काढावा लागला. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव आणला. वादळी विरोधानंतर तो फेटाळला गेला. १९४० च्या आसपास आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे महात्मा फुले मंडई असे नामकरण झाले.

नामकरणाने एका उपेक्षेची भरपाई झाली, यात शंका नाही. तथापि दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत सुशोभीकरण, स्वागतकमानी आणि सत्कार समारंभ यांच्या तरतुदी एका बाजूला आणि महापालिका शाळांची गळकी छपरे दुसऱ्या बाजूला असे चित्र कोणत्याही शहरात दिसले, म्हणजे बत्तिसांतील ते एक मत आठवते. सभागृहात जोतीरावांची तसबीर आहे की नाही, यापेक्षा तसे मत देणारा एखादा सदस्य आहे की नाही, हे नागरिकांनी पाहावयास हवे.