विश्लेषण : प्रत्यारोपणानंतर मुलांना जपणारे औषध देणारे सुब्बाराव कोण होते?

रायगड जिल्ह्यात, खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा मेमोरियलच्या केंद्रात रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते. सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळल्या, तरी घोर संपत नाही. दात्याच्या टी-पेशी मुलाची त्वचा, यकृत, आतडी परकी समजून त्यांच्यावरच उलटू शकतात. हा ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ आजार. तो टाळण्यासाठी जगभर वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने घडवले.

सुब्बाराव घडले कसे?

जन्म १८९५, आंध्रातील भीमावरम. तरुणपणी स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. मद्रासला वैद्यकी शिकताना खादीचा गाऊन घातला म्हणून इंग्रज प्राध्यापकांची खप्पामर्जी झाली आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची पदवी हाती आली. १९२३ मध्ये ते बोस्टनला गेले, ते परतलेच नाहीत. हार्वर्डमध्ये स्नायूंच्या ऊर्जेवर मोलाचे संशोधन करूनही कायम प्राध्यापकपद मिळाले नाही. अखेर १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले.

औषध कसे सापडले?

तिथे त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले. भावांना नेणाऱ्या स्प्रूवर ते गुणकारी ठरले; पण भाऊ जाऊन तोवर पाव शतक उलटले होते. पेशींना वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागते. मग त्याची वाट अडवणारी रसायने बनली : आधी अमिनोप्टेरिन, मागोमाग मेथोट्रेक्सेट. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिले. १० जणांचा आजार काही काळ ओसरला. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. वय अवघे ५३.

प्रत्यारोपणाशी संबंध काय?

तो त्यांच्या पश्चात जुळला. १९५८ मध्ये डेल्टा अपहॉफ यांनी उंदरांवर दाखवले, की मेथोट्रेक्सेटने दात्याच्या पेशींचा हल्ला सौम्य होतो. कारण तेच : मुलाच्या शरीराला परके मानणाऱ्या टी-पेशी पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने वाढतात आणि वाढणाऱ्या पेशीच या औषधाच्या तावडीत सापडतात. १९८६ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनच्या जोडीने त्याचा प्रभाव सिद्ध केला. प्रत्यारोपणानंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या दिवशी लहान मात्रा, असा तो क्रम. तोंड फार सोलवटले, तर शेवटची मात्रा कधी कधी गाळावी लागते.