राझींची बैठक

वाचकहो, हकिमाचा शिष्य वर्षभर उस्तादामागे हिंडतो, नाडी कशी पाहतात ते डोळे भरून पाहतो. पण अनोळखी रोगी एकट्यासमोर येऊन बसला की त्याचा हात अडतो. अडलेल्या हातापायी रोग्याचा जीवही जातो.

तेहरानजवळच्या रय शहरी सुमारे इ.स. ८६५ मध्ये जन्मलेल्या अबू बक्र मुहम्मद राझी यांच्या शिकवणीत यावर तोड होती. रयच्या व पुढे बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते. त्यांच्या बैठकीचे वर्णन दहाव्या शतकातील ग्रंथसूचीकार इब्न नदीम याने लिहून ठेवले आहे. राझींजवळ त्यांचे शिष्य बसत, त्यांच्यापलीकडे त्या शिष्यांचे शिष्य, आणि त्याहीपलीकडे आणखी नवखे. येणारा रोगी आपले दुखणे प्रथम या बाहेरच्यांनाच सांगे. त्यांना उमगले तर ठीक, नाहीतर तो आतल्या रांगेकडे जाई. तेथेही निदान चुकले, तरच उस्ताद बोलत. आपल्याकडे बहुधा उलटेच चालते, नाही का?

देवी आणि गोवर यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. पाठदुखी देवीत अधिक, मळमळ व बेचैनी गोवरात अधिक, असे बारकावे त्यात आहेत. समोरचा ताप यांपैकी कोणता, हे मात्र शिष्यानेच ताडायचे.

उतारवयात राझींची दृष्टी गेली. सुमारे ९२५ मध्ये ते वारले. त्यांची टिपणे शिष्यांनी जुळविली, तोच 'अल्-हावी' हा प्रचंड ग्रंथ. १२७९ साली तो लॅटिनमध्ये उतरला.