रणांगणात रुग्णवाहिका नेणारे डॉक्टर लारे

अपघात झाला की १०८ लावायचा, हे आता खेडोपाडी पोरासोरांनाही ठाऊक आहे. बेळगाव असो, पणजी, इंदूर की बडोदा. राज्य बदललं, गाडीवरची भाषा बदलली, तरी नंबर तोच. त्या गाडीवर काम करायला शिकणाऱ्या मुलामुलींकडून दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या जातात. उपचार जखमीपर्यंत लवकर पोचले पाहिजेत. आणि जखमी अनेक असतील, तर आधी कोणाला हात लावायचा हे त्याची अवस्था पाहून ठरवायचं, माणूस कोण आहे ते पाहून नव्हे. या दोन्ही गोष्टी लढाईच्या मैदानात करून दाखवणारे पहिले मोठे नाव म्हणजे नेपोलियनचे सर्जन डोमिनिक जाँ लारे.

८ जुलै १७६६ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगराच्या कुशीतल्या बोदेआँ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी पोरके झाले. काका तुलूझ शहरात नावाजलेले सर्जन होते, त्यांच्या हाताखाली पोरगा शिकला. पुढे नौदलाच्या जहाजावरून न्यूफाउंडलँडपर्यंत जाऊन आले, पण समुद्र काही मानवला नाही. मग पॅरिस गाठलं.

१७९२ मध्ये ते राईन नदीवरच्या फौजेत दाखल झाले आणि तिथली पद्धत पाहून अस्वस्थ झाले. नियमच असा होता की दवाखान्याच्या गाड्या सैन्याच्या चार-पाच किलोमीटर मागे थांबायच्या. लढाई संपल्यावर जखमी गोळा करायचे. या गाड्याही जड, रस्त्यात रुतणाऱ्या. तोपर्यंत दिवस उलटून जायचा आणि हातपाय तुटलेला शिपाई रक्त जाऊन तिथेच संपायचा. ज्याला उचलून न्यायला मित्र असत तो वाचायचा. अधिकाऱ्याला उचलणारे अर्थातच जास्त.

त्याच फौजेत घोड्यांच्या हलक्या तोफा होत्या, इकडून तिकडे वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. तोफ पळते, तर जखमीची गाडी का नाही? लारेंनी तशाच गाड्या करून घेतल्या आणि त्यांना ‘उडती रुग्णवाहिका’ असं नाव पडलं. दोन चाकांची गाडी, दोन घोडे, आत दोघांना आडवं झोपवायची सोय. डोंगराळ, खडबडीत वाटेसाठी चार चाकांची, चौघांना नेणारी. १७९७ मध्ये इटलीत याची घडी बसली: सुमारे ३४० माणसांचं पथक, तीन तुकड्या, प्रत्येकीत १२ हलक्या आणि ४ जड गाड्या. गाडीबरोबर सर्जन, मलमपट्टीचं सामान आणि जखमी उचलणारी माणसं. लढाई चालू असतानाच ही मंडळी आत शिरत. इजिप्तच्या वाळूत चाकं चालेनात, तर उंटाच्या दोन्ही अंगांना पेट्या बांधून त्यात जखमी झोपवले.

गर्दीत आधी कोण, याचं उत्तरही त्यांनी ठरवून टाकलं. ज्याची जखम जिवावरची, तो पहिला. हुद्दा पाहायचा नाही. शत्रूचा शिपाईसुद्धा याच रांगेत. आज ज्याला ट्रायेज म्हणतात तो शब्द फ्रेंचच, अर्थ निवडणं, म्हणजे आपण धान्य निवडतो तसं. आजचे लाल, पिवळे, हिरवे, काळे बिल्ले नंतरचे. शिवाय आता मोठ्या दुर्घटनेत वाचण्याची शक्यताही पाहिली जाते. पण सरदाराला बाजूला सारून शिपायाला टेबलावर घेणं त्या काळी सोपं नव्हतं.

भूल नव्हती, जंतू कोणाला माहीत नव्हते. अवयव कापायचा तर पहिल्या २४ तासांत, हा त्यांचा आग्रह. १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईत एका दिवसात त्यांनी सुमारे २०० अवयव कापले, असं नमूद आहे. ऐकायला भयंकर, पण उशिराचं मरण त्याहून निश्चित होतं. त्याआधी १८०९ मध्ये डॅन्यूब नदीतल्या लोबाऊ बेटावर जखमींसह अडकले, तेव्हा घोडे मारून शिपायांच्या छातीवरच्या चिलखतातच रस्सा शिजवला. मीठ नाही म्हणून बंदुकीची दारू घातली!

रशियाच्या थंडीत त्यांनी एक गोष्ट हेरली. गोठलेले हातपाय घेऊन जो शेकोटीला चिकटला, त्याचे अवयव सडले. हे निरीक्षण बरोबर होतं. त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे बर्फाने चोळणं, मात्र चुकीचा ठरला. असा भाग चोळायचा नाही, थेट आगीवर धरायचा नाही आणि पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तेव्हाच कोमट पाण्यात ठेवायचा, हे आज शिकवलं जातं. त्याच माघारीत बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी उडाली, तेव्हा शिपायांनी लारेंना ओळखलं आणि डोक्यावरून हातोहात पलीकडे पोचवलं.

त्याची परतफेड लगेच पुढच्या वर्षी झाली. १८१३ मध्ये दोन हजारांहून जास्त नव्या रंगरुटांच्या बोटांना, तळव्यांना जखमा होत्या. लढाई टाळायला स्वतःच गोळ्या मारून घेतल्या, असा आरोप. शिक्षा मरणाचीही असू शकत होती. नेपोलियनचा संशय पक्का होता. लारेंनी एकेक हात तपासला आणि सांगितलं, पोरं निर्दोष आहेत. पुढे-मागे रांगा करून गोळ्या झाडताना अननुभवी पोरांकडून पुढच्याच्या हाताला लागल्या. सम्राटाच्या तोंडावर हे सांगायला छाती लागते. नेपोलियनने ते मानलं.

१८१५ मध्ये वॉटर्लूला ते प्रशियन सैनिकांच्या हाती सापडले. गोळी घालायची तयारी झाली, तेवढ्यात तिथल्या एका सर्जनने ओळखलं. त्याने त्यांची व्याख्यानं ऐकली होती. लारेंना सेनापती ब्ल्यूखर यांच्यापुढे नेलं. ब्ल्यूखर यांच्या जखमी मुलावर पूर्वी लारेंनीच उपचार केले होते. सुटका झाली.

नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांना १ लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेला सर्वांत सज्जन माणूस म्हणून त्यांचा उल्लेख केला. पंचाहत्तरी ओलांडल्यावरही लारे अल्जीरियात लष्करी दवाखाने तपासायला गेले. परतीच्या वाटेवर २५ जुलै १८४२ रोजी लिऑन शहरात त्यांचं निधन झालं. पत्नी शार्लोत तीनच दिवस आधी वारल्या होत्या. लारेंना पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत पुरलं. दीडशे वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यांचे अवशेष तिथून अँव्हालिद या जुन्या सैनिकांच्या वास्तूत हलवले गेले. नेपोलियनची कबरही तिथेच आहे.