पोरं गेली, युद्धात बाजू हरली, अन् लंडनच्या एका दुकानदाराने गळ टाकायचं पुस्तक लिहिलं

काठी, दोरी, गळ आणि आमिष. काठावर बसून मासा पकडायला एवढंच लागतं. कोकणात याला गरवणं म्हणतात, शहरात आता अँगलिंग म्हणतात.

या उद्योगावर इंग्रजीत ढिगाने पुस्तकं आहेत. पण नाव निघतं ते एकाच पुस्तकाचं. ‘द कम्प्लीट अँगलर’. पहिली आवृत्ती १६५३ ची, आणि ते आजही छापलं जातं.

लिहिणारा माणूस आयझॅक वॉल्टन. तो कोळी नव्हता, जमीनदार नव्हता, कॉलेजात शिकलेला पंडितही नव्हता. त्याचं लंडनमध्ये कापडाचं दुकान होतं. गंमत म्हणजे त्याच्या काळातच एका पट्टीच्या मासेमाराने त्याच्यावर आरोप केला होता की या बाबाला मासेमारीतलं फारसं काही कळत नाही, सगळं इकडून तिकडून उचललंय.

आरोपात तथ्य होतं का? होतं. तरी त्या पट्टीच्या मासेमाराचं नाव आज अभ्यासक सोडले तर कुणाला माहीत नाही. असं का झालं, ते समजायला वॉल्टनचं आयुष्य बघावं लागतं.

वॉल्टनचा जन्म १५९३ चा, इंग्लंडच्या मधल्या भागातल्या स्टॅफर्ड गावातला. बापाचा दारूचा गुत्ता होता. वॉल्टन चार वर्षांचाही नव्हता तेव्हा बाप वारला. आईने दुसरं लग्न केलं. पोरगा थोडा मोठा झाल्यावर लंडनला बहिणीच्या नवऱ्याकडे पाठवला गेला. हे मेव्हणे कापडाचे व्यापारी. त्यांच्या हाताखाली उमेदवारी करून वॉल्टन शिकला, १६१८ मध्ये व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला आणि फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात स्थिरावला.

तिथल्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये १६२४ पासून जॉन डन हे धर्मगुरू होते. इंग्रजी कवितेतलं हे फार मोठं नाव. आपला कापडवाला त्यांच्या प्रवचनांना जायचा, हळूहळू ओळख वाढली आणि मैत्री झाली. डन गेल्यावर त्यांचं चरित्र लिहायचं काम फिरत फिरत वॉल्टनकडे आलं. १६४० मध्ये ते छापून आलं. शाळा-कॉलेजचा फारसा आधार नसलेला दुकानदार असा लेखक झाला.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. १६२६ मध्ये त्याचं रेचल नावाच्या मुलीशी लग्न झालं. त्यांना सात मुलं झाली आणि सातही लहानपणीच गेली. १६४० मध्ये रेचलही गेली. शेवटची मुलगी दोन वर्षांनी गेली, तेव्हा वॉल्टन पन्नाशीला टेकला होता आणि पुन्हा एकटा होता.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये यादवी पेटली. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. भांडण नुसतं सत्तेचं नव्हतं, धर्माचंही होतं. पार्लमेंटकडे कडव्या प्युरिटन लोकांचा जोर होता. नाटकगृहं बंद झाली, चर्चमधली जुनी प्रार्थनेची पोथी बंद झाली, बिशप हे पदच काढून टाकलं, नाताळ साजरा करायलाही बंदी आली. १६४९ च्या जानेवारीत राजा पहिला चार्ल्स याचं भर लंडनमध्ये मुंडकं उडवलं गेलं.

वॉल्टन राजाच्या आणि जुन्या चर्चच्या बाजूचा. म्हणजे हरलेल्या बाजूचा. त्याचे बरेच मित्र पाद्री होते आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

एक किस्सा तर सिनेमात शोभेल असा आहे. १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत मारल्या गेलेल्या राजाचा मुलगा हरला आणि पळाला. त्याचं रत्नजडित पदक एका कर्नलने स्टॅफर्डजवळच्या एका घरात लपवलं आणि स्वतः पकडला गेला. ते पदक या हातातून त्या हातात करत वॉल्टनकडे आलं. त्याने ते लंडनला नेऊन कैदेतल्या कर्नलकडे पोचवलं. पुढे कर्नल टॉवर ऑफ लंडनमधून निसटला आणि पदक परत राजपुत्राच्या हाती गेलं. सापडला असता तर वॉल्टनची धडगत नव्हती. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता.

त्यानंतर दीड-दोन वर्षांतच ‘द कम्प्लीट अँगलर’ आलं. किंमत दीड शिलिंग. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाचं नावसुद्धा नव्हतं, आत फक्त नावातली दोन-चार अक्षरं.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. मे महिन्याची सकाळ. लंडनच्या उत्तरेला टॉटनहॅमजवळ एक मासेमार आणि एक वाटसरू भेटतात. ली नदीच्या काठाने चालायला लागतात. मासेमार शिकवतो, दुसरा शिकतो. मध्येच पाऊस येतो, ते झुडपाखाली बसतात. संध्याकाळी खानावळीत पकडलेला मासा रांधून खातात, गाणी म्हणतात. युद्धाचं नावही नाही. पण अनेक अभ्यासक म्हणतात की हे गळवाल्यांचं भावबंधन म्हणजे त्या पांगलेल्या, नोकऱ्या गेलेल्या मित्रांना दिलेली हाक होती. येशूचे पहिले शिष्य कोळीच होते, याची आठवण वॉल्टन स्वतःच करून देतो. त्यामुळे हे म्हणणं मलाही पटतं.

आता मुख्य गोष्ट. यात मासेमारी कशी आहे?

तर पहिल्यांदा त्या काळचं सामान डोळ्यासमोर आणा. रील जवळपास नाहीच. लांबलचक लाकडी काठी आणि तिच्या टोकाला कायमची बांधलेली दोरी. आपल्याकडे ओढ्यावर पोरं बांबूला दोरी बांधून बसतात, तोच प्रकार. नायलॉन निघायला अजून तीनशे वर्षं होती, म्हणून दोरी असायची घोड्याच्या शेपटीच्या केसांची. केस गोल, स्वच्छ आणि सारख्या जाडीचे निवडायचे, म्हणजे पीळ दिल्यावर सगळ्यांवर सारखा ताण येतो. एक केस जरी सैल राहिला तरी बाकीच्यांवर भार पडतो आणि दोरी तुटते. हे गणित आजच्या दोरीलाही लागू आहे.

पांढरी दोरी पाण्यात माशाला दिसते. म्हणून वॉल्टन ती रंगवायची कृती देतो. कडक बिअर, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस आणि तुरटी. सगळं एकत्र उकळायचं, थंड करायचं आणि त्यात केस भिजत घालायचे. हिरवट पाण्यासारखा रंग येतो. आज दुकानात मिळणारी पारदर्शक किंवा हिरवट लाइन याच प्रश्नाचं उत्तर आहे.

गांडूळ खणून काढलं आणि लगेच गळाला लावलं, हे त्याला मान्य नाही. आधी काही दिवस ओल्या शेवाळात ठेवायचं. पोटातली माती निघून जाते, गांडूळ चिवट होतं आणि गळावर जास्त वेळ वळवळतं. शेवाळ दर तीन-चार दिवसांनी बदलायचं, उन्हाळ्यात तर नक्कीच.

आणि मोठा मासा लागला तर? रील नाही, म्हणजे दोरी सोडता येत नाही. मासा ओढणार आणि दोरी तुटणार. वॉल्टनचा उपाय ऐकून हसू येईल: काठीच पाण्यात फेकून द्या. मासा ती ओढत फिरेल, दमेल, मग जाऊन काठी उचला. वेडेपणा वाटतो, पण नीट बघा. तरंगणारी काठी ओढताना मासा दमतो आणि दोरीवर एकदम झटका बसत नाही. रीलचा ड्रॅग म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणारी जी सोय असते, ती हेच काम करते. रील तेव्हा नुकतंच माहीत होऊ लागलं होतं. वॉल्टन १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत सॅमनसाठी वापरायच्या चाकाचा उल्लेख करतो, पण ते वर्णन करण्यापेक्षा प्रत्यक्ष बघितलेलं बरं, असं सांगून पुढे सरकतो.

पुस्तकातला माझा आवडता भाग चब नावाच्या माशाचा. चब हा तिथला साधा, काटेरी, फारसा भाव नसलेला मासा. उन्हाच्या वेळी झाडाच्या सावलीत पाण्याच्या वरच्या थरात तरंगत असतो आणि भलता भित्रा. वरून पक्षी उडाला तरी तळाला जातो. वॉल्टन सांगतो, दोन-तीन नाकतोडे पकडा. झाडाआड उभे राहा. काठी फांदीवर टेकवा आणि नाकतोडा पाण्याच्या वीतभर वर लटकत राहू द्या. काठीची सावली पडली की सगळे चब खाली जातील. जाऊ द्या. हलू नका. थोड्या वेळाने ते परत वर येतील. मग त्यातला मोठा हेरायचा आणि काठी गोगलगायीच्या चालीने त्याच्याकडे न्यायची.

काठावरच्या मासेमारीचा निम्मा अभ्यास या एका प्रसंगात आहे. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पाय आपटायचे नाहीत, आणि मासा बिथरला तरी जागा सोडायची नाही. हे त्याने कुठून उचललेलं वाटत नाही. असं बारीक वर्णन करायला माणूस तिथे तासन्‌तास उभा राहिलेलाच लागतो.

पण उसनवारीही आहेच. माशी लावून मासा पकडायचं तंत्र, म्हणजे पिसं आणि रेशीम गळावर गुंडाळून बनवलेली खोटी माशी, यात वॉल्टन कच्चा होता. तो भाग त्याने बराचसा थॉमस बार्कर या स्वयंपाक्याच्या पुस्तकावरून घेतला आणि तसं नाव घेऊन सांगितलंही. १५७७ च्या ‘द आर्ट ऑफ अँगलिंग’ या पुस्तकाचं मात्र नाव त्याने घेतलं नाही. ते जवळपास नाहीसंच झालं होतं. विसाव्या शतकात त्याची एक प्रत सापडली, १९५६ मध्ये ती पुन्हा छापली गेली आणि वॉल्टनने शिक्षक-शिष्याच्या संवादाची कल्पना कुठून घेतली असावी हे लोकांच्या लक्षात आलं. त्या काळात असं घेणं सर्रास चालायचं. तरी नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आरोप करणारा तो पट्टीचा मासेमार म्हणजे रिचर्ड फ्रँक. तो क्रॉमवेलच्या, म्हणजे पार्लमेंटच्या सैन्यातला आणि स्कॉटलंडपर्यंत जाऊन सॅमन पकडणारा. पाईक मासा पाणवनस्पतीपासून तयार होतो, असं वॉल्टनने जुन्या ग्रंथाचा हवाला देऊन लिहिलं होतं. फ्रँकने ते मूर्खपणाचं ठरवलं. फ्रँक बरोबर होता. पण त्याचं पुस्तक वाचताना दम लागतो.

त्याच वॉल्टनने सॅमनबद्दल मात्र महत्त्वाची नोंद केली आहे. समुद्राकडे निघालेल्या पिल्लांच्या शेपटीला फीत बांधून सोडलं, तर काही महिन्यांनी तेच मासे त्याच जागी परत सापडतात, असे प्रयोग झाल्याचं तो लिहितो. माशांना खूण बांधून सोडण्याच्या इतिहासात आज या नोंदीचा उल्लेख होतो.

टीका आणखी एका गोष्टीवरून झाली. पाईकसाठी जिवंत बेडूक गळाला कसा लावायचा हे वॉल्टन तपशिलाने सांगतो आणि वर त्याला प्रेमाने हाताळा असंही सांगतो. कवी बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये यावरून त्याला चांगलंच फटकारलं. बायरनचा राग मला समजतो. तो भाग आज वाचवत नाही.

दरम्यान वॉल्टनने १६४७ च्या सुमारास दुसरं लग्न केलं होतं. त्यातली दोन मुलं जगली, मोठी झाली. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि मित्रांचे दिवस पालटले. त्यातले जॉर्ज मॉर्ली आधी वुस्टरचे आणि मग विंचेस्टरचे बिशप झाले आणि त्यांनी वॉल्टनला आपल्याकडे आधार दिला. १६६२ मध्ये दुसरी बायकोही वारली.

माशीच्या तंत्रातली उणीव वॉल्टनला ठाऊक होती. म्हणून १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत त्याने तो भाग सरळ दुसऱ्याकडून लिहून घेतला. चार्ल्स कॉटन, त्याच्यापेक्षा ३७ वर्षांनी लहान, डव नदीकाठचा जमीनदार आणि माशीचा खरा जाणकार. दोरी बारीक ठेवा आणि मासा लांबून पकडा, हे त्याच्या शिकवणीचं सार. कॉटनने नदीकाठी दगडी खोली बांधली होती आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरली होती. ती खोली आजही उभी आहे.

१५ डिसेंबर १६८३ रोजी, इंग्लंडमध्ये कडाक्याची थंडी पडलेली असताना, वॉल्टन विंचेस्टरमध्ये वारला. वय ९०. दफन तिथल्याच कॅथीड्रलमध्ये. तिथल्या रंगीत काचेच्या खिडकीत तो नदीकाठी पुस्तक वाचत बसलेला दिसतो. १९१४ च्या त्या खिडकीसाठी इंग्लंड-अमेरिकेतल्या गळवाल्यांनी वर्गणी काढली होती.

पुस्तकाचं मात्र लगेच सोनं झालं नाही. १६७६ नंतर ते थेट १७५० मध्ये पुन्हा छापलं गेलं, आणि मग जे सुरू झालं ते थांबलं नाही.

मृत्युपत्रात त्याने स्टॅफर्डजवळची शेतवाडी गावाला देऊन टाकली. उत्पन्नातून गरिबांच्या पोरांना धंदा शिकवायचा, एखाद्या मुलीच्या लग्नाला मदत करायची आणि हिवाळ्यात गरिबांना कोळसा घेऊन द्यायचा. तिथलं त्याचं गवताने शाकारलेलं घर पुढे संग्रहालय झालं. शेजारून रेल्वे गेली आणि इंजिनाच्या ठिणग्यांनी छप्पर दोनदा पेटलं. आता त्यावर कौलं आहेत.