विश्लेषण : मातीतल्या अमिबाची मुंबईत ओळख पटवणारे डॉ. हेन्री कार्टर कोण होते?

पावसाळ्यात आंबिवली-मोहने परिसरातल्या जुन्या चाळींच्या भिंतींवर हिरवे शेवाळ चढते. अशा ओल्या जागेच्या चिमूटभर मातीत हजारो अमिबा असू शकतात. जगभरच्या माती-शेवाळात सापडणाऱ्या अशाच एका अमिबाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये मुंबईत झाले. ते करणारे हेन्री जॉन कार्टर पेशाने डॉक्टर होते.

कार्टर मुंबईत कसे आले?

कार्टर यांचा जन्म १८१३ चा, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला. १८४२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक म्हणून मुंबईत आले. ‘पॅलिन्युरस’ या सर्वेक्षण जहाजावर नेमणूक झाल्याने त्यांनी अरबस्तानचा किनारा पाहिला. मुंबई बेटाच्या भूगर्भरचनेवरही त्यांनी लिहिले. नोकरी रुग्णालयाची, पण उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाचा, असा त्यांचा दिनक्रम होता.

तळ्यांच्या पाण्यात काय सापडले?

तेव्हा विहारचे पाणी नळाने मुंबईत आले नव्हते. शहराची तहान तळी आणि विहिरी भागवत. याच तळ्यांतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर कार्टर यांचा अभ्यास १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांचे लक्ष आणखी बारीक जीवांकडे वळले. १८५५ मध्ये रेल्वे कल्याणच्या पुढे, आजच्या आंबिवलीवरून वासिंदपर्यंत पोहोचली. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईच्या गोड्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवरचा त्यांचा लेख लंडनच्या नियतकालिकात छापून आला. त्यात ‘अमिबा क्वाड्रिलिनिएटा’ हे नवे नाव होते. अर्थ साधा : चार रेघांचा अमिबा.

आकारच नसलेल्या जीवाची प्रजाती कशी ठरवतात?

फुलपाखरू टाचणीला लावून ठेवता येते. अमिबा मात्र एका पेशीचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान आणि सतत आकार बदलणारा. त्यामुळे त्याच्यात न बदलणारे काय, हे आधी शोधावे लागते. तो सरकतो कसा, पाठीवर घड्या पडतात का, केंद्रक कसे दिसते, जादा पाणी बाहेर टाकणारी पोकळी कुठे असते, हे तासन् तास पाहावे लागते. चालताना पाठीवर उमटणाऱ्या लांबट घड्या ही या अमिबाची खूण ठरली. त्या काळी डीएनए चाचणी नव्हती. नमुना जपणेही जवळपास अशक्य होते. पुढच्या संशोधकांच्या हाती राहणार होते ते फक्त शब्द आणि चित्र. वर्णन ढिसाळ असते, तर हा जीव पुन्हा ओळखता आला नसता.

मग आज त्याचे नाव वेगळे का?

अमिबांची वर्गवारी सुधारत गेली तसा हा जीव ‘थेकअमिबा’ या गटात गेला. १९६० मध्ये रुमानियाचे संशोधक लेपशी यांनी केलेल्या या बदलानंतर त्याचे नाव ‘थेकअमिबा क्वाड्रिलिनिएटा’ झाले. मात्र प्राणिशास्त्राच्या नियमानुसार मूळ वर्णन करणाऱ्याचे नाव आणि वर्ष कंसात कायम राहते. म्हणून आजही तिथे कार्टर, १८५६ असेच लिहिले जाते.

कार्टर कुठे चुकले?

नारू हा त्या काळचा मोठा त्रास. तळ्यातले सूक्ष्म जंत त्वचेतून शरीरात शिरतात आणि त्यांचाच नारू होतो, असे कार्टर यांना वाटले. रोगाचा संबंध पाण्याशी आहे हे बरोबर होते, पण जीव चुकीचा होता आणि वाटही. नारूची पिल्ले सायक्लोप्स या पाण्यातल्या बारीक जीवात वाढतात आणि पिण्याच्या पाण्यातून पोटात जातात. १८७० च्या सुमारास रशियाचे फेदचेंको यांनी सायक्लोप्सची ही भूमिका दाखवली. पाणी गाळून पिण्याचा उपाय त्यातूनच पुढे आला. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

नेमकी ओळख एवढी महत्त्वाची का?

मातीतले बहुतेक अमिबा जिवाणू खातात आणि त्यातून सुटणारे नायट्रोजन पिकांना मिळते. पण सगळेच निरुपद्रवी नसतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतले बी. एन. सिंह आणि एस. आर. दास यांनी १९७० मध्ये एका नव्या प्रजातीचे वर्णन केले. आज ‘अकॅन्थअमिबा कल्बर्टसोनी’ म्हणून ओळखला जाणारा हा अमिबा माणसाच्या मेंदूला संसर्ग करू शकतो. दिसायला सारख्या जीवांतून धोक्याचा जीव वेगळा काढायचा, तर आधी प्रत्येकाचे नेमके वर्णन हवे.

दोन कार्टरमध्ये गल्लत नको

‘ग्रेज अॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हेही मुंबईतच डॉक्टर होते, पण ते वेगळे.

पुढे काय झाले?

१८५९ मध्ये कार्टर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८६२ मध्ये ते डेव्हनला परतले आणि स्पंजांच्या अभ्यासात रमले. १८७२ मध्ये त्यांना रॉयल मेडल मिळाले आणि १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘कार्टेरिया’ हे सूक्ष्म हिरवे शैवाल आणि ‘युनापियस कार्टेरी’ हा गोड्या पाण्यातला स्पंज आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात.