अब्दुल करीम खाँ आणि एका फेरीचा फरक

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता उरलेली नाही. मागे राहिल्या आहेत त्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या. श्रुतींचा सूक्ष्म भेद गळ्यातून दाखवणाऱ्या या गायकाचा सूर आज कितपत खरा ऐकू येतो, हे मात्र एका यांत्रिक गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे तबकडीचा वेग स्थिर आहे की नाही.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. गाणे घरातच होते. तरुणपणी ते बडोदे दरबारात गायक होते. तिथून ताराबाई माने यांच्यासह ते मुंबईला आले आणि पुढे मिरजेत स्थायिक झाले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व म्हणून नावाजलेले रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचे शिष्य. तंबोरा लावावा तर खाँसाहेबांनी, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांच्या या कानाचा उपयोग विज्ञानालाही झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल २२ श्रुतींची गुणोत्तरे शोधत होते. पुढे आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. स्वर नेमका कुठे लागतो, हे गाऊन दाखवणारा गायक त्यांना खाँसाहेबांच्या रूपाने लाभला. या मांडणीतील एक लहान अंतर आहे ८१ भागिले ८०, म्हणजे कंपनसंख्येत अवघा सव्वा टक्का फरक.

आता तबकडीचे गणित पाहू. वेग जितक्या टक्क्यांनी वाढतो, तितक्याच टक्क्यांनी सुराची कंपनसंख्या वाढते. ७८ चा सव्वा टक्का म्हणजे जवळपास १. म्हणजे यंत्राने मिनिटाला ७८ ऐवजी ७९ फेऱ्या घेतल्या, की सगळे गाणे एका लहान श्रुतीने चढते. साडेचार फेऱ्यांहून थोडी अधिक चूक झाली तर पट्टीच अर्ध्या स्वराने बदलते. लय वाढते, आवाजही पातळ वाटू लागतो.

खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास प्रथम ध्वनिमुद्रण केले. त्या काळी ७८ हा आकडा पक्का ठरलेला नव्हता. तबकड्या ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत वेगवेगळ्या वेगाने कोरल्या जात. त्यामुळे जुन्या तबकडीवरून गायकाची मूळ पट्टी सांगणे आजही अवघड जाते.

तरीही ही चूक सौम्य म्हणावी लागेल. वेग चुकीचा असला पण स्थिर असला, तर सगळे स्वर सारख्याच प्रमाणात सरकतात. षड्ज आणि गांधार यांचे गुणोत्तर बदलत नाही. श्रुती शाबूत राहते. खरे नुकसान होते ते वेग हलता असेल तेव्हा. तबकडीचे भोक मध्यापासून १ मिलिमीटर सरकलेले असले, तर मध्यापासून ६ सेंटिमीटर अंतरावरील सूर प्रत्येक फेरीत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वर आणि तितकाच खाली जातो. श्रुतीपेक्षा हा हेलकावा मोठा. लांबवलेला स्वर थरथरू लागतो आणि दोष गायकाच्या माथी येतो.

हाताने फिरवायच्या ग्रामोफोनमध्ये हा दोष कायमचाच होता. एमिल बर्लिनर यांच्या या यंत्राला १८९६ च्या सुमारास अमेरिकेतील कॅम्डेनचे यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन यांनी स्प्रिंगची मोटर बसवली. तिचा वेग राखतो तो गव्हर्नर. पातळ पट्ट्यांवर बसवलेली लहान वजने फिरताना बाहेर फेकली जातात, त्यामुळे एक चकती ओढली जाऊन गादीवर घासते आणि वेग आवरला जातो. गादी वाळली, पट्टी तुटली किंवा स्प्रिंगमधले ग्रीस घट्ट झाले, की वेग डळमळतो.

अशाच एका यंत्रावर लागलेली खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकून लहानगा भीमसेन जोशी वेडावला आणि गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. पुढे तो सवाई गंधर्वांकडे शिकला.

खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. पाँडिचेरीकडे जाताना प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमालकोइल स्थानकावर उतरले. २७ ऑक्टोबरला तिथेच त्यांचे निधन झाले. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले.

पनवेलच्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावर असे यंत्र सापडलेच, तर तबकडी लावण्याआधी त्याची सफाई करून घ्यावी. कोकणच्या दमट हवेत गंज लवकर धरतो. मग तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अशी ठेवावी की तिचे टोक बाहेर दिसेल, आणि सुई टेकवलेली असतानाच मिनिटभर फेऱ्या मोजाव्यात. सुईच्या घर्षणाने वेग घटतो, म्हणून रिकाम्या फेऱ्या मोजून उपयोग नाही. अधिक अचूक तपासणीसाठी ७७ रेघांची गोल चकती मिळते. घरगुती विजेवरचा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्याच्या उजेडात वेग ७७.९२ असेल तर रेघा स्थिर दिसतात. त्या एकाच दिशेने संथ सरकत असतील, तर वेगाचा स्क्रू फिरवून भागते. पुढे-मागे होत असतील, तर मात्र गव्हर्नर उघडावाच लागतो. त्यानंतरच खाँसाहेबांचा षड्ज जागेवर उभा राहतो.